मोगलीसाठी बोलणारे दोघे

वाचकाचे पत्र :

सप्रेम नमस्कार. माझे माहेर भंडाऱ्याचे. नव्वदच्या दशकात मी प्राथमिक शाळेत असताना रविवारी सकाळी दूरदर्शनवर लांडग्यांनी वाढवलेल्या मोगलीची मालिका लागत असे. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंच्या बैठकीत गल्लीतली सगळी मुले जमत आणि कोण कोणाचे, हे त्या कधी विचारत नसत. पुढे शाळेच्या वाचनालयात या गोष्टींचे संक्षिप्त मराठी पुस्तक मिळाले. त्यातला लांडग्यांच्या सभेचा प्रसंग मनात कायमचा राहिला. आता मी पुण्यात राहते. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सभेत एका भाडेकरू कुटुंबाला ‘ते आपल्यातले नाहीत’ म्हणून राहू देऊ नये, असा सूर निघाला. मी उभी राहून विरोध केला, एका निवृत्त शिक्षकांनी साथ दिली आणि विषय मागे पडला. हे मला मोगलीने शिकवले, असे मी घरी अभिमानाने सांगितले. तेव्हा इतिहासात एम. ए. करणारी माझी पुतणी म्हणाली, “काकू, तो लेखक कट्टर साम्राज्यवादी होता. जालियनवाला बागेच्या डायरसाठी त्याने पैसे दिले होते.” तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. मेमध्ये सोसायटीच्या मुलांच्या शिबिरात पाच संध्याकाळी मोगलीची गोष्ट सांगण्याचे मी कबूल केले आहे आणि त्या कुटुंबाची दोन मुलेही येणार आहेत. ज्या पायावर मी उभी राहिले तो पायाच खोटा निघाला, असे वाटते. गोष्ट सांगू की नको? आणि मोगली खरा होता का, असे मुलांनी विचारले तर काय सांगू?

— एक वाचक, पुणे

सप्रेम नमस्कार.

गोष्ट जरूर सांगा. मात्र ती सांगण्यापूर्वी तुम्हाला काही गोष्टी नीट पाहाव्या लागतील आणि त्यांतल्या काही सुखद नाहीत. तुमच्या पुतणीने जिथे बोट ठेवले त्याच्याही पलीकडे जाऊन त्या पाहाव्यात, असे मला वाटते, कारण अर्धवट माहितीने आलेली अस्वस्थता पूर्ण माहितीनेच निवळते.

पुतणी म्हणाली ते खरे आहे. मोगलीचा लेखक रुडयार्ड किपलिंग याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिकवत असत आणि क्रॉफर्ड मार्केटवरची, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईवरची, शिल्पे त्यांचीच आहेत. या मुंबईत जन्मलेल्या मुलाने पुढे १८९९ मध्ये गोऱ्या माणसाने इतर वंशांवर राज्य करणे हे त्याचे कर्तव्यच आहे, असे सांगणारी कविता लिहिली. अमेरिकेने फिलिपाईन्स ताब्यात घ्यावे, हा तिचा तात्कालिक हेतू होता. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरमध्ये निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडण्याचा हुकूम देणाऱ्या डायरसाठी इंग्लंडमधल्या एका वृत्तपत्राने निधी उभारला, तेव्हा किपलिंगने त्यात वर्गणी दिली. ‘काळच तसा होता’ ही सबब इथे चालत नाही. रवींद्रनाथांनी त्याच वर्षी ‘सर’ हा किताब परत केला होता आणि जुलै १९२० मध्ये ब्रिटिश संसदेत चर्चिलसारख्या साम्राज्याच्या कट्टर पुरस्कर्त्यानेही त्या गोळीबाराचा निषेध केला होता. म्हणजे त्या काळात राहून, त्या पंथात राहूनही डायरला चूक म्हणणे शक्य होते, आणि किपलिंगने दुसरी बाजू निवडली. ही गोष्ट पुतणीपाशी मोकळेपणाने मान्य करा. तिच्याशी वाद घालून मोगलीला वाचवण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. लेखक वाईट पण लेखन निर्मळ, असेही इथे म्हणता येत नाही, कारण त्याचे विचार गोष्टींच्या आत शिरलेले आहेत. मोगलीवरची छापून आलेली पहिली कथा १८९३ ची आहे, ‘द जंगल बुक’च्या एक वर्ष आधीची. तिच्यात मोठा झालेला मोगली सरकारच्या वनखात्यात नोकरी धरतो, त्याला पगार आणि निवृत्तिवेतन मिळणार असते. ज्या मुलाला जंगलाने वाढवले तो अखेर इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालचा वनरक्षक होतो, ही कल्पना किपलिंगला समाधानाची वाटली असावी. १८९५ च्या दुसऱ्या पुस्तकात मोगलीवर माया करणाऱ्या मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला गावकरी चेटकी ठरवतात, तेव्हा ती दोघे न्यायासाठी इंग्रजांच्या ठाण्याकडे पळतात. त्याच पुस्तकात जंगलाच्या कायद्याची जी दीर्घ कविता आहे तिचा शेवटचा निष्कर्ष आज्ञापालन हाच आहे. १९१६ मध्ये बेडन-पॉवेलने लहान स्काउटांसाठी, आपल्या शाळांतल्या कब पथकासाठी, हीच चौकट घेतली आणि पथकाच्या प्रमुखाला कळपाच्या म्होरक्या लांडग्याचे, अकेला हे नाव दिले, ते या शिस्तीच्या आकर्षणामुळेच.

याहूनही बोचणारी एक जागा आहे आणि तुमच्या संक्षिप्त पुस्तकात ती बहुधा गाळलेली असेल. बल्लू अस्वलाकडून चापट खाऊन रुसलेला मोगली माकडांशी मैत्री करतो, तेव्हा बल्लू त्याला रागावतो. माकडे कायद्याबाहेरची, बहिष्कृत आहेत, असे तो बजावतो. ती पितात तिथे आम्ही पाणी पीत नाही, ती जातात तिथे आम्ही जात नाही, ती शिकार करतात तिथे आम्ही शिकार करत नाही, असा त्याच्या शिकवणीचा सारांश आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाने हे वाचून मनात महाड आणू नये, हे अशक्य आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या तळ्याबाबतचा रूढ नियमही असाच बोलला जात असे. किपलिंगने हा धडा जंगलातल्या सर्वांत प्रेमळ शिक्षकाच्या तोंडी घातला आहे आणि कथेत कोणीही त्याला ‘हे बरोबर आहे का’ असे विचारत नाही.

आता तुमच्या सभेच्या प्रसंगाकडे येऊ. तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तरही तिथेच आहे.

मूळ कथेत असे घडते. पौर्णिमेच्या रात्री सभेच्या खडकावर लांडगे जमतात आणि प्रत्येक पिल्लू सगळ्यांपुढे आणले जाते. शेरखान हा वाघ माणसाचे पोर, म्हणजे मोगलीला, मागतो. अकेला शांतपणे नियम सांगतो : पिल्लाबद्दल वाद असेल तर आईवडील सोडून कळपातल्या किमान दोघांनी त्याच्यासाठी बोलले पाहिजे. कोणीही बोलत नाही. मग बल्लू उठतो. तो लांडगा नाही, पण पिल्लांना कायदा शिकवतो म्हणून त्याला सभेत बसण्याचा मान आहे. दुसरा आवाज बघीरा या काळ्या बिबट्याचा. त्याला सभेत बोलण्याचा हक्कच नाही, हे तो स्वतःच सांगतो, आणि मग कायद्यातलीच दुसरी वाट दाखवतो : पिल्लाच्या जिवाची किंमत मोजता येते. नुकताच मारलेला एक पुष्ट बैल तो कळपाला देऊ करतो. हा बघीरा उदयपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात जन्मला होता, कुलूप तोडून पळाला होता आणि त्याच्या जबड्याखाली गळपट्ट्याचा व्रण आहे. ही गोष्ट तो कितीतरी वर्षांनी एकट्या मोगलीला सांगतो. ज्याने बंदिवास भोगला, त्यानेच परक्या पोरासाठी स्वतःच्या शिकारीतून किंमत मोजली.

या संपूर्ण प्रसंगात मोगली काय करतो? तो चांदण्यात बसून गोट्यांशी खेळतो. तुम्ही लिहिता की हे तुम्हाला मोगलीने शिकवले, पण तुमच्या सोसायटीच्या सभेत तुम्ही मोगलीसारख्या वागला नाहीत. तुम्ही बल्लूसारख्या वागलात. त्या निवृत्त शिक्षकांनी दुसरा आवाज दिला. तुमच्या मनात इतकी वर्षे राहिला तो शेरखानला हरवणारा मुलगा नव्हता, तर त्याच्यासाठी उभे राहणारे दोघे होते. मला हे फार मोलाचे वाटते. लहान मुले नायकाच्या पराक्रमाची नक्कल करतात आणि काही वर्षांत ती नक्कल विरून जाते. तुम्ही मात्र गोष्टीतली एक दुय्यम, वयस्क माणसाची भूमिका उचललीत आणि ती स्वतः वयाने मोठ्या झाल्यावर, प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा पार पाडलीत.

आणि इथेच ते बोचणारे पान पुन्हा पाहायला हवे. मोगलीसाठी बोलणारा बल्लू आणि माकडांच्या पाणवठ्यावर पाणी पिऊ नको म्हणणारा बल्लू एकच आहे. कायदाही तोच. एकाच गोष्टीतून परक्याला जागा देण्याचा धडा घेता येतो आणि परक्याचे पाणी टाळण्याचाही. तुमच्या सभेत ज्यांनी ‘आपल्यातले नाहीत’ असे म्हटले, त्यांच्यापैकी काहींनी लहानपणी हीच मालिका पाहिली असेल, हेच शीर्षकगीत गुणगुणले असेल. म्हणून मोगलीने तुम्हाला शिकवले, हे वाक्य अपुरे आहे. गोष्टीतून काय उचलायचे, ही निवड तुमची होती. ती किपलिंगने केली नाही. त्यामुळे त्याच्या वर्गणीची लाज तुम्ही वाहण्याचे कारण नाही.

ही निवड करायला तुम्हाला कोणी शिकवले, याचे उत्तर तुम्ही पत्रात स्वतःच लिहिले आहे, पण ओझरते. शेजारच्या काकूंच्या बैठकीत गल्लीतली सगळी मुले जमत आणि कोण कोणाचे, हे त्या विचारत नसत. रविवारच्या सकाळी, घरातल्या कामाच्या गर्दीत, दहा-पंधरा मुलांना पाय न पुसता आत येऊ देणे ही साधी गोष्ट नाही, आणि ज्या गल्लीत सगळ्यांना एकमेकांचे आडनाव ठाऊक असते तिथे ते न विचारणे ही तर त्याहून मोठी गोष्ट आहे. पडद्यावर मोगलीला कळपात घेतले जात होते आणि त्याच वेळी त्या बैठकीत तुम्हाला सगळ्यांना घेतले जात होते. मुलांच्या मनात शब्द आणि वागणे एकाच जागी भेटतात तेव्हाच मूल्य रुजते, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. त्या काकू हयात असतील तर त्यांना फोन करा. तुमच्या सभेत काय घडले ते त्यांना सांगा. त्याचे श्रेय किपलिंगपेक्षा त्यांचे अधिक आहे.

गोष्टही एकट्या किपलिंगची नाही, हे लक्षात असू द्यावे. ही गोष्ट जिथे घडते त्या मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या जंगलात तो स्वतः गेल्याचा पुरावा नाही. तिथले डोंगर, नद्या आणि प्राणी त्याने मुख्यतः रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या १८७७ च्या पुस्तकासारख्या लेखनातून घेतले आणि पुस्तक लिहिले अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, बर्फाळ हिवाळ्यात. जंगलाच्या कायद्यातला काही भाग एस्किमो लोकांच्या शिकार वाटून घेण्याच्या नियमांवरून उचलला आहे आणि आणखी कोणाकोणाच्या कथांतून काय घेतले ते आता आठवत नाही, असे त्याने १८९५ च्या सुमारास एका पत्रात स्वतःच कबूल केले होते. तुम्ही पाहिलेली मालिका तर जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १८९४ च्या पुस्तकानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८९-९० मध्ये केली. ५२ भागांच्या या मालिकेला हिंदीत आणताना गुलजार यांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत मिळाले, आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज मिळाला. भंडाऱ्याच्या मुलीपर्यंत मोगली पोहोचला तो इतक्या हातांतून. आणि तो ज्या नदीकाठी वाढला ती वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावून तुमच्याच गावाजवळून वाहते, त्यामुळे त्या गोष्टीवर तुमचा हक्क लंडनमधल्या वाचकापेक्षा कमी नाही.

किपलिंगचे बालपणही एका वाक्यात सांगते, त्याची वकिली म्हणून नव्हे. पाच वर्षांचा असताना त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये साउथसी येथे परक्या घरी ठेवण्यात आले आणि तिथली सुमारे सहा वर्षे त्याने छळात काढली. आपले म्हणावे असे घर नसलेल्या मुलाची व्यथा त्याला आतून ठाऊक होती, म्हणूनच सभेचा प्रसंग इतका खरा उतरला, असे मी मानते. हीच समज त्याने अमृतसरच्या माणसांपर्यंत नेली नाही, हा त्याचा दोष आहे आणि तो मोठा दोष आहे.

आता तुमच्या मूल्याबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे सांगते, कारण ती पुतणीनेही सांगितलेली नाही. त्याची कसोटी किपलिंगच्या चरित्रावर लागत नाही, ती त्या भाडेकरू कुटुंबाच्या अनुभवावर लागते. जंगलाचा कायदा परक्याला जागा देतो, पण दोघांनी शब्द टाकावा आणि कोणीतरी बैल द्यावा, या अटीवर. मोगलीचे जगणे हा कळपाने केलेला उपकार ठरतो. म्हणूनच दहा-अकरा वर्षांनी अकेला म्हातारा झाला, शेरखानने तरुण लांडग्यांना फितवले आणि तो उपकार मागे घेतला गेला. दोघांचा शब्द आणि एक बैल यांवर मिळालेली जागा तेवढीच कच्ची होती. तुमच्या सोसायटीतल्या कुटुंबाला मात्र जामीन लागण्याचे कारणच नव्हते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देताना सभासदाने संस्थेला आगाऊ कळवायचे असते. भाडेकरू ‘आपल्यातला’ आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार समितीला नाही. त्या दिवशी तुम्ही बोललात ते आवश्यक होते, पण कुटुंब तिथे राहते ते तुमच्या शब्दामुळे, असा समज कोणाचाही होऊ देऊ नका, तुमचा स्वतःचाही नाही. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, भाडेकरूचा धर्म, जात, प्रांत किंवा खाणेपिणे हा चर्चेचा विषय होणार नाही, असा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. ते निवृत्त शिक्षक अनुमोदन देतीलच. उद्या तुम्ही दोघे त्या सोसायटीत नसाल, तेव्हा हा लिखित ठराव कामी येईल. लहानपणी घेतलेले मूल्य मोठेपणी त्या गोष्टीच्या पुढे न्यावे लागते, ते असे.

शिबिराबद्दलही याच कारणाने एक सूचना कळकळीने करते. त्या कुटुंबाच्या मुलांना मोगलीची भूमिका देऊ नका आणि गोष्ट सांगताना त्यांच्याकडे पाहून ‘तसेच आपल्याकडेही’ असे काही म्हणू नका. मुलांना हे इशारे मोठ्यांपेक्षा लवकर कळतात. सभेचा खेळ घ्यायचा असेल तर भूमिका रोज बदला : आज जो पिल्लू आहे तो उद्या अकेला असेल, परवा शेरखान. प्रत्येक मुलाला एकदा तरी खडकावर एकटे उभे राहण्याचा आणि एकदा तरी दुसऱ्यासाठी बोलण्याचा अनुभव यावा. ‘याच्यासाठी कोण बोलणार?’ असे विचारल्यावर जी शांतता पसरते, ती लवकर मोडू नका. मुलांना ती थोडा वेळ सहन करू द्या.

पहिल्या संध्याकाळी गुहा, लांडग्यांची आई रक्षा आणि सभा एवढेच पुरे. रक्षा गुहेच्या तोंडाशी शेरखानला अडवते तो प्रसंग रंगवून सांगा, आयांना आणि मुलींना तो फार आवडतो. दुसऱ्या दिवशी माकडांनी मोगलीला पळवून नेल्याची गोष्ट घ्या, पण बल्लूचा पाणवठ्याचा धडा लहानांसमोर गाळा. शिवाय माकडांची टवाळी वाढवू नका, नाहीतर शिबिरातल्या एखाद्या मुलाला दुसऱ्या दिवशी तेच नाव पडेल. या गोष्टीचा शेवट मात्र अवश्य सांगा. मोगलीच्या चुकीमुळे बल्लू आणि बघीरा जखमी झालेले असतात, म्हणून बघीरा त्याला मार देतो, आणि मग ती गोष्ट तिथेच संपते. नंतर कोणीही टोमणे मारत नाही, जुने उकरून काढत नाही, बघीरा त्याला पाठीवर घेऊन घरी जातो. मार देण्याचे समर्थन करू नका, तो भाग सौम्य करा. पण चूक झाल्यावर, हिशेब मिटल्यावर पुन्हा टोचायचे नाही, हा नियम मुलांइतकाच त्यांना न्यायला आलेल्या पालकांच्याही कानावर पडू द्या.

तिसऱ्या दिवशी मोगली गावात येतो तो भाग, आणि त्यातला कुंभाराच्या गाढवाचा प्रसंग विसरू नका. संक्षिप्त पुस्तकांत तो क्वचितच असतो. गाढव मातीच्या खड्ड्यात घसरते, मोगली त्याला शेपटी धरून ओढून काढतो आणि बाजाराला न्यायची मडकी रचायला कुंभाराला मदत करतो. गाव हादरते, पुजारी रागावतो, कारण जात म्हणजे काय हे मोगलीला ठाऊकच नाही. हा प्रसंग सांगितल्यावर तिथेच थांबून एकनाथांची गोष्ट सांगा : काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मुले आपोआप बोलू लागतात, तुम्हाला तात्पर्य सांगावे लागणार नाही. चौथ्या दिवशी शेरखान आणि म्हशींचा कळप घ्या. त्यानंतर गावकरी मोगलीला दगड मारून हाकलतात, हेही सांगा. आधी माणूस म्हणून लांडग्यांनी हाकलले, मग लांडगा म्हणून माणसांनी. इथे एखादे मूल गप्प झाले तर त्याला बोलते करण्याची घाई करू नका.

पाचवी संध्याकाळ पुतणीला द्या. बारा वर्षांच्या वरच्या मुलांना वेगळे बसवून तिने लेखकाबद्दल सांगावे : मुंबईतला जन्म, साउथसी, ती १८९९ ची कविता, अमृतसर. बल्लूचा पाणवठ्याचा धडा तिने मूळ शब्दांत वाचून दाखवावा आणि महाडबद्दलही बोलावे. या वयाच्या मुलांना आवडत्या गोष्टीत काय चुकीचे आहे हे ऐकून घेता येते, मात्र ते त्यांच्या आवडीचा अपमान न करता सांगावे लागते. तिला हे आधीच सुचवा. काकूने आपले म्हणणे ऐकले आणि त्याला जागा दिली, हे तिलाही महत्त्वाचे वाटेल. तुमच्या पत्रावरून मला असे जाणवले की तुम्हाला लेखकाच्या इतिहासाइतकेच पुतणीच्या स्वरानेही दुखावले आहे. तिने तुमची चेष्टा केली नाही. जे तिला नुकतेच कळले ते तिने तुम्हाला सांगितले, कारण तुम्ही ऐकून घ्याल असा तिला भरवसा होता.

राहिला मुलांचा प्रश्न. मोगली खरा नव्हता, असे सरळ सांगा. मग नकाशा काढा. शिवनी जिल्हा दाखवा, पेंच नदी दाखवा, ती कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला कुठे मिळते ते दाखवा, आणि पेंचच्या जंगलाचा एक भाग मध्य प्रदेशात आणि दुसरा महाराष्ट्रात, नागपूर जिल्ह्यात आहे, हेही सांगा. खऱ्या लांडग्यांचा कळप बहुतेकदा आईवडील आणि त्यांची पिल्ले मिळून झालेले कुटुंब असते, हे ऐकून मुलांना नवल वाटेल. आणि लांडगे पाहायला शिवनीला जावे लागत नाही : पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या माळरानांवर, धनगरांच्या मेंढ्यांच्या वाटांवर, ते आजही आहेत. त्या माळांवर घरे आणि कारखाने वाढत चालल्याने त्यांची जागा आक्रसते आहे. शिबिर संपल्यावर एखाद्या रविवारी मुलांना तिकडे न्यायचे असेल तर वनविभागाशी आधी बोला, पहाटे निघा आणि पिल्लांच्या दिवसांत गुहेजवळ कोणालाही जाऊ देऊ नका.